जुन्या फंक्शनला हाक

नंदनवन, नागपूर
१२ नोव्हेंबर १९८८

प्रिय प्रेमिला,

तुला आणि तुझ्या पुण्याला आमचे आशीर्वाद. दिवाळीला तू आली नाहीस. आत्या चारही दिवस दाराकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, तुझ्या लेकीला सुट्टी नसेल. तर म्हणाली, "तुले कशी मिळते गा?"

एका कामाचं विचारायचं आहे. आमच्या ऑफिसच्या देशकर साहेबांनी एका रक्तपेढीचं काम घेतलं आहे. रक्त देणाऱ्यांची नावं, त्यांचे गट, बाटल्यांची नोंद, सगळं पडद्यावर, खिडक्यांमध्ये, माउसने चालवायचं. आणि नावं मराठीत हवीत. कोबोलमध्ये सदर भागातल्या या ऑफिसात माझ्या तोडीचं कोणी नाही, हे तुला माहीत आहे. तुझा पहिला प्रोग्राम मीच तुझ्याकडून लिहून घेतला होता. पण ही विंडोज वेगळी भानगड आहे. इथे कळ दाबली की मेसेज, माउस हलला की मेसेज, खिडकीवरून दुसरी खिडकी सरकली तरी मेसेज. आपला प्रोग्राम नुसता बसून एकेकाला उत्तर देत राहतो.

नाव लिहायचा टेक्स्ट बॉक्स तयार मिळतो, पण त्याला इंग्रजीच येतं. म्हणून मेसेज झेलणारं त्याचं फंक्शन मी काढलं आणि त्या जागी माझं बसवलं. अक्षरं मराठीत उमटली. पण कर्सर गायब झाला. कर्सरचा कोड लिहिला, तर बॅकस्पेस चालेना. बॅकस्पेस लिहिला, तर माउसने शब्द निवडता येईना. महिना झाला, एक लिहितो तर दुसरं बंद पडतं. परवा चाचणीत बाबाराव नावाच्या माणसाचं नाव पडद्यावर तसंच राहून गेलं आणि त्याच्यासमोर दुसऱ्याचाच रक्तगट आला. साहेब माझ्या मागे उभे होते. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, तुमची ती पुण्याची बहीण हेच काम करते ना, तिला विचारा.

म्हणून विचारतो आहे. नाहीतर मी सोडवलंच असतं.

तुझ्या वच्छलावहिनीने तुला आठवण सांगितली आहे.

तुझा,
चंद्रभानदादा

*

कर्वे रस्ता, पुणे
२० नोव्हेंबर १९८८

चंद्रभानदादा,

नमस्कार. तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि हसू आलं. रागावू नकोस, आमच्याकडे नवीन आलेली मुलं हमखास हीच चूक करतात.

जुनं फंक्शन तू फेकून दिलंस, तिथे घोटाळा झाला. कर्सर, बॅकस्पेस, माउसची निवड, खिडकी पुन्हा रंगवणं, ही सगळी कामं तेच करत होतं. तू महिनाभर जे लिहितो आहेस ते आधीच कोणीतरी लिहून, तपासून ठेवलेलं आहे. बाबारावाचं नाव राहिलं, कारण "पुन्हा रंगव" हा मेसेज तुझ्या फंक्शनपाशी आला आणि तिथेच मेला.

तुझं फंक्शन बसवताना जुन्याचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये जपून ठेव. मेसेज आधी तुझ्याकडे येईल. तुझा असेल तर तू बघ. तुझा नसेल तर जसाच्या तसा जुन्याला दे, आणि ते जे उत्तर देईल तेच परत कर. तुझं चारशे ओळींचं फंक्शन चाळीस ओळींत येईल. सोबत एक पानभर नमुना लिहून पाठवते आहे.

आता घरचं. आई दाराकडे बघत बसली होती, हे तू लिहिलंस. आईने मला काही लिहिलं नाही. तिला दिसत नाही हे मला कळतं, पण तिची पत्रं वर्षभर तुझ्याच अक्षरात येतात आणि त्यात "प्रकृती ठीक, काळजी नसावी" एवढंच असतं. माझी आई असं बोलत नाही. ती काय सांगते आणि तू काय लिहितोस, देव जाणे.

प्रेमिला

*

नागपूर
५ डिसेंबर १९८८

प्रिय प्रेमिला,

तुझं पत्र मिळालं. नवीन मुलांच्या रांगेत मला बसवलंस, त्याबद्दल आभार. छत्तिसाव्या वर्षी तेही सुख.

तुझ्या नमुन्याप्रमाणे केलं. कर्सर आला, माउस चालला, बाबाराव पुसले गेले. पण आता नवीनच तमाशा. "क"ची कळ दाबली की पडद्यावर "कk" उमटतं. "कमल" लिहायला गेलो तर मराठी एक अक्षर, इंग्रजी एक अक्षर, अशी वरात निघते. साहेब त्याच वेळी आत आले. "हे काय, दोन्ही भाषा एकदम?" म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर हसले. हसायला त्यांना माझ्या कामात हेच मिळालं.

तुझं पत्र त्यांनी मागून घेतलं. दोनदा वाचलं. "किती स्वच्छ लिहिते हो ही मुलगी," म्हणाले. तो कागद अजून त्यांच्याच टेबलावर आहे. त्यांच्याकडे लागल्याला मला अकरा वर्षं होतील. माझं काम वेळेवर असतं म्हणतात, बिनचूक असतं म्हणतात. स्वच्छ म्हटल्याचं आठवत नाही.

तुमच्याकडे रंगीत पडदे आहेत, प्रत्येकाला वेगळं मशीन आहे, चुकलं तर विचारायला शेजारी कोणी आहे. इथे एका मशीनवर तिघं, आणि विचारायला मी एकटाच. हे सहज लिहिलं.

आत्याची पत्रं ती सांगते तशीच लिहितो. लिहिता लिहिता थोडी नीट करतो, एवढंच. तिचं शेंडा-बुडूख नसलेलं बोलणं पोस्टाने पाठवण्यासारखं नसतं.

चंद्रभानदादा

*

पुणे
१४ डिसेंबर १९८८

दादा,

"कk" वाचून ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले, पण चांगलं हसले.

तू अक्षराची कळ स्वतः हाताळतोस आणि तरीही जुन्याला देतोस. मग ते बिचारं आपलं इंग्रजी अक्षर लिहिणारच. अक्षराच्या कळा तुझ्या, त्या पुढे देऊ नकोस. शून्य परत कर आणि थांब. माउस, रंगवणं वगैरे तुझं नाही, ते सरळ पुढे दे. बॅकस्पेस मात्र दोघांचा आहे. तिथे आधी जुन्याला हाक मार, त्याला अक्षर खोडू दे, आणि मग तू बघ की मागे "क्ष"चा अर्धा तुकडा लोंबकळत राहिला का. राहिला असेल तर तो तू काढ. कुठे जुन्याच्या आधी, कुठे नंतर, कुठे त्याच्याऐवजी, हे प्रत्येक मेसेजचं वेगळं ठरवावं लागतं. त्यात सरसकट नियम नाही, मलाही दर वेळी विचार करावा लागतो.

आणि खरं सांगू का, रंगीत पडद्यावर मी दिवसभर दुसऱ्यांच्या खिडक्या दुरुस्त करते. कोळशाच्या खाणीचा हिशेब, बँकेचा फॉर्म, जे येईल ते. मराठी अक्षर उमटवायचं काम मला इथे कोणी दिलेलं नाही. तू लिहिलेलं वाचलं तेव्हा माझ्याच बोटांना खाज सुटली. असं काम तुझ्या वाट्याला आलं आणि तू त्याच्यावर चिडतोस.

मला नागपूरला यायचं आहे. तीन वर्षं खोलीवर राहून कंटाळले. आईचं वय झालं. तुझ्या ऑफिसात किंवा कुठेही, माझ्यासारखीला काही असेल तर बघशील का? तुझ्या शब्दाला तिथे वजन आहे.

प्रेमिला

*

नागपूर
९ जानेवारी १९८९

प्रिय प्रेमिला,

उत्तराला उशीर झाला, कारण घरात गडबड होती. आत्याच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालं. नीट झालं, काळजी करू नकोस. तुला कळवू नको असं तिनेच बजावलं होतं. दवाखान्यात वच्छला दिवसा असायची आणि ऑफिस सुटलं की मी. पट्टी दोन्ही डोळ्यांवर असल्यामुळे तिला काही दिसत नव्हतं. खोलीत कोणी आलं की हात पुढे करायची, आणि माझा हात लागला की म्हणायची, "आला का गा?" डॉक्टरांनी विचारलं, हा मुलगा का तुमचा? तर हो म्हणाली.

देशकर साहेब घरी येऊन तिला बघून गेले. संत्री आणली होती.

टेक्स्ट बॉक्स आता चालतो. बॅकस्पेसचं तू सांगितलंस तसं केलं, पण जोडाक्षराचा तुकडा ओळखायची युक्ती माझी स्वतःची आहे, ती तुझ्या पत्रात नव्हती. रक्तपेढीचे लोक येऊन बघून गेले. एका नर्सने स्वतःचं नाव लिहिलं, मनकर्णा, आणि बराच वेळ ते नुसतं बघत राहिली. मलाही बरं वाटलं.

तुझ्या नोकरीचं. नागपुरात तुझ्यासारखीला सध्या काही नाही. आमच्याकडे मशीनच पुरत नाहीत. दुसरीकडे आहेत ती डेटा भरायची कामं, त्यात तुझं शिक्षण वाया जाईल. पुण्यासारखं ठिकाण सोडून उन्हाळ्यात इथे भाजून निघायला कोणी येतं का? तिथेच राहा, नाव कमाव. आत्याकडे बघायला मी आहे.

चंद्रभानदादा

*

पुणे
१७ जानेवारी १९८९

दादा,

माझ्या आईचं ऑपरेशन झालं आणि मला आठवड्याने कळलं. "काळजी करू नकोस" हे शब्द लिहिताना तुला काहीच वाटलं नाही?

तिने नको म्हटलं असेल. ती नको म्हणणारच. पण तुला कळायला हवं होतं. तार करायला किती वेळ लागतो? ऑफिसातला फोन नंबर तुझ्याकडे आहे. टेक्स्ट बॉक्स अडला तेव्हा तीन पानं लिहिलीस.

तू लिहिलेला तो हाताचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. तू तो मला आनंद व्हावा म्हणून लिहिला असशील, किंवा नसशीलही. तू आमच्याकडे शिकायला आलास तेव्हा मी पाळण्यात होते. मोठी होत गेले तसं एवढंच ऐकलं: चंद्रभानला बघ, चंद्रभान कसा अभ्यास करतो, चंद्रभान मागून घेत नाही. आईच्या ताटात शेवटची बेसनाची पातोडी उरली की ती तुझ्या ताटात जायची, कारण तू लेकाच्या जागी आणि पाहुण्याच्याही जागी. मी नुसती मुलगी. आता डॉक्टरांसमोरही तू मुलगा झालास. मी कोण झाले ते नाही लिहिलंस.

जोडाक्षराची युक्ती तुझी असेल, छान आहे. मला दाखवू नकोस.

प्रेमिला

*

नागपूर
२८ जानेवारी १९८९

पोरी प्रेमिला,

मी सांगून राहिली नि चंद्रभान लिहून राहिला. त्याले म्हटलं, आज माह्या बोलण्याची इस्तरी करू नको. मी बोलतो तसं लिही.

डोळ्याची पट्टी निघाली. उजेड लय दिसते, पण अक्षर नाही दिसत. चष्मा लागाचा आहे. तुहं रागाचं पत्र आलं ते यानं मले वाचून दाखवलं नाही, वच्छलानं दाखवलं. ऑपरेशनचं सांगू नको असं मीच म्हटलं होतं. काहून म्हटलं ते ऐक. तू आली असती, चार दिवस बसली असती नि गेली असती. तू गेल्यावर घर जसं लागते ना वं, ते मले डोळा बांधून सहन झालं नसतं. त्याच्यापायी म्हटलं. त्याले बोल लावू नको.

पण दुसऱ्या गोष्टीचा लाव. याचे साहेब आले होते मले पाहाले. मी पलंगावर पडून होती. यायले वाटलं म्हातारी झोपली. डोळे बांधले होते बावा, कान कोणी बांधले नव्हते. साहेब म्हणाले, "चंद्रभान, तुमची बहीण नागपूरला येईल का? रक्तपेढीनंतर अशीच दोन कामं येताहेत. तिच्यासारखं माणूस मिळालं तर मला हवं आहे." तं हा म्हणते, तिचं पुण्यालेच लग्न जमून राहिलं, ती काही येत नाही.

कोणाचं लग्न वं? मले तं कोणी सांगितलं नाही. असंन तं मले सांग, मी लुगडं घेतो. नसंन तं येऊन साहेबाले भेट.

आता याचा हात थांबला. कागदावर खरखर ऐकू येत नाही. मी म्हटलं, लिही गा. यानं लिहिलं का नाही ते मले समजाले मार्ग नाही. पण लिहीन तो. त्याले मी ओळखतो.

तुही आई,
प्रयागबाई

आत्याने सांगितलं ते सगळं लिहिलं. मधली ओळ गाळता आली असती. तिला कळलंही नसतं. पेन बराच वेळ हातात धरून बसलो होतो आणि ती कागदावरच्या खरखरीची वाट बघत होती, जसं काही मी लिहिणार हे ठरलेलंच आहे.

साहेबांसमोर ते माझ्या तोंडून कसं निघालं ते मलाही सांगता येणार नाही. तुझं पत्र त्यांच्या टेबलावर काचेखाली आहे, प्रेमिला. रोज सकाळी फाइल ठेवायला जातो तेव्हा ते दिसतं. तू इथे आलीस तर ऑफिसात मी जुना माणूस होईन आणि घरात नुसता भाचा. तू लहान असताना तुला शिकवायला मला फार आवडायचं. तू माझ्या पुढे जाशील हे तेव्हा कळत होतं, पण तेव्हा ते गमतीचं वाटायचं.

साहेबांना उद्या खरं सांगणार आहे.

चं.

*

पुणे
६ फेब्रुवारी १९८९

चंद्रभानदादा,

आईचं पत्र आलं. वर्षभरानंतर तिचा आवाज ऐकल्यासारखं वाटलं. पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटी लक्षात आलं की आवाज तिचा आहे आणि अक्षर तुझं. तेव्हा पुन्हा रागही आला.

तू माझं लग्न लावून मोकळा झालास. निदान मुलगा कसा आहे ते तरी ठरवायचंस. इथे माझ्या खोलीवरच्या मैत्रिणींनी विचारलं तर मी काय सांगू?

देशकर साहेबांचं पत्र आईच्या पत्रानंतर दोन दिवसांनी आलं. त्यांनी लिहिलं आहे की तुमच्या भावाने स्वतः येऊन सांगितलं, लग्नाचं खोटं होतं. कारणही सांगितलं म्हणे. ते कारण त्यांनी लिहिलं नाही आणि मी विचारणार नाही. मी होकार कळवला आहे. मार्चच्या सुरुवातीला रुजू होते.

आता नीट वाच. मराठी टेक्स्ट बॉक्स तुझा आहे, त्याला मी हात लावणार नाही. साहेबांनाही तसं लिहिलं आहे, आणि हेही लिहिलं आहे की जोडाक्षराची युक्ती मला सुचली नव्हती. मी पुढच्या दोन कामांच्या खिडक्या करीन. तुझ्या हाताखाली नाही आणि तुझ्या डोक्यावरही नाही.

पण एक गोष्ट मी तुला देणार नाही. मी धरमपेठेत दोन खोल्या बघणार आहे, आणि आई माझ्याकडे राहील. इतकी वर्षं ती तुझ्याकडे होती. आता तिने हात पुढे केला की माझा हात लागू दे. तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. मलाही इतकी वर्षं वाटत होतं, तेव्हा कोणी विचारलं नाही.

हे पत्र तू तिला वाचून दाखव. वच्छलावहिनीला नाही, तू.

प्रेमिला

*

नंदनवन, नागपूर
१४ फेब्रुवारी १९८९

प्रिय प्रेमिला,

मीच वाचून दाखवलं. धरमपेठेची ओळ मी दोनदा वाचली, ते तिला कळलं असावं. वच्छला स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली होती. मी पत्राची घडी केली आणि म्हटलं, आत्या, ती म्हणते ते बरोबर आहे. तू तिच्याकडे जा. मी अडवणार नाही. हे म्हणायला मला दोन दिवस लागले होते. म्हणजे पत्र दोन दिवस माझ्या खिशात होतं, हे तुला सांगून टाकतो.

आत्याला नवा चष्मा मिळाला आहे. तो तिने काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे असं बघितलं की बोर्डाच्या परीक्षेचा निकाल घेऊन आलो होतो तेव्हाचं आठवलं. मग म्हणाली, "म्या कोणाकडे जावं नि कोणाकडे राहावं, हे तुम्ही दोघं ठरवून राहिले का?"

मी पत्र पुन्हा खिशात ठेवू लागलो.

"हे घर प्रेमिलाच्या बापानं मिलच्या नोकरीच्या पैशातून बांधलं नि माह्या नावावर केलं. टॅक्सची पावती माह्या नावानं येते. तू इथं माह्याकडे राहून राहिला गा चंद्रभान, मी तुह्याकडे नाही. नि ते पोट्टी पुण्याहून मले न्याले येऊन राहिली. कोणाच्या घरातून कोणाले नेते?"

वच्छला हसायला लागली आणि आत गेली. मला हसू येत नव्हतं, पण थोड्या वेळाने आलं. एवढी वर्षं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होतो की आत्या माझ्याकडे असते.

तुला लिहायचा निरोप असा आहे, आणि इस्तरी न करता लिहितो: "तिले लिही, खोल्या तीन आहेत. एक माही. बाकीच्या दोन तुम्ही भांडून घ्या. पण भांडण घरात करा, पोस्टानं नको."

पुढची खोली हवेशीर आहे आणि ती आम्ही घेतली आहे, हे आधीच सांगून ठेवतो. तू मधली घे. गाडी कोणती ते कळव, स्टेशनवर मी येईन. आत्याही म्हणते येतो. कोण पुढे उभं राहील ते तिथे बघू.

चंद्रभानदादा